पंख मोज

(दृश्य : सकाळचे साडेआठ. उपनगरातल्या एका स्टेशनबाहेरची भिंत, तिला चिकटून वाढलेली रुई. मागे लोकलचा आवाज.)

ही रुई बघा. हो तीच, शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात ती. हिला कोणी लावली नाही, कोणी पाणी घालत नाही, एका बाजूला स्टेशनची भिंत, दुसऱ्या बाजूला रिक्षावाल्यांची लाइन आणि मधल्या फूटभर मातीत ही मस्त वाढलीय. मी चार वर्षं रोज हिच्यासमोरून धावत ट्रेन पकडते आणि खरं सांगायचं तर त्यातली तीन वर्षं मी हिच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं.

आता कॅमेरा जरा खाली घेऊ, कोवळ्या शेंड्यावर. हे पिवळेपिवळे दाणे दिसतायत ना, हळदीत घोळवलेल्या राजगिऱ्यासारखे, तो मावा. दिवसभर रस पीत बसायचं एवढंच त्याचं काम. आणि त्या गर्दीच्या बरोब्बर मधोमध एक हिरवट अळी आहे. तिला पाय नाहीत, डोळे नाहीत, पुढचं टोक निमुळतं आणि ते टोक ती इकडून तिकडे फिरवतेय, लाइट गेल्यावर आपण मेणबत्ती शोधतो ना तसं चाचपडत. लागला एक. आता बघा हं, उचलला! खरंच हवेत उचलला, मावा पाय झाडतोय, आणि स्ट्रॉने उसाचा रस ओढावा तसा आतून ओढून घेतला. उरलं नुसतं टरफल, ते टाकलं, पुढचा. माझा कटिंग थंड होईपर्यंत हिने पाच संपवले. कोषात जाईपर्यंत अशी एक अळी काहीशे मावे खाते.

मोठी होऊन ही होते माशी. होव्हरफ्लाय. हवेत एका जागी थांबते, अक्षरशः खिळा ठोकल्यासारखी, आणि मग डोळ्याचं पातं लवायच्या आत भलतीकडेच. मराठीत घरोघरी चालणारं नाव हिला नाही, पण शेतीच्या माहितीपत्रकांत ढालकिडा आणि क्रायसोपाच्या शेजारी मित्रकीटक म्हणून हिचं नाव असतं, सिरफिड माशी. माझ्या भावाने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला वाटलं मी सिरफिरी म्हणतेय. उडणं बघितलं तर तेही चाललं असतं म्हणा.

(दृश्य : चौथ्या मजल्याची बाल्कनी, तुळशीच्या मंजिऱ्या.)

माझी ओळख हिच्याशी रुईवर नाही झाली, घरी झाली. डिसेंबरातली सकाळ, मी कपडे वाळत घालत होते आणि आई आतून ओरडली, "अगं मागे हो, गांधील आहे, चावेल!" काळंपिवळं पट्ट्यांचं पोट, गुणगुण आवाज, म्हणजे गांधीलच की. मी मागे झाले पण झूम करून फोटो काढला. फोटोत पंखांची एकच जोडी. गांधीलमाशीला, मधमाशीला चार पंख असतात, दोन जोड्या. हिला दोनच, आणि दुसऱ्या जोडीच्या जागी टाचणीसारख्या दोन बारीक गुंड्या, उडताना तोल सांभाळायला. ना डंख, ना विष. नुसते पट्टे घालून फिरते, पक्ष्यांनी घाबरून सोडून द्यावं म्हणून. निरुपद्रवी प्राण्याने डेंजर प्राण्याची नक्कल करायची या भानगडीला हेन्री बेट्स या इंग्रज माणसाचं नाव आहे, अकरा वर्षं अॅमेझॉनच्या जंगलात काढून त्यांनी १८६२ मध्ये फुलपाखरांवरून हे मांडलं. आमच्या आईवर तर तो प्रयोग शंभर टक्के हाउसफुल.

तर "गांधील नाही गं आई, पंख मोज" हे वाक्य आमच्या घरात तेव्हापासून सुरू झालं. आणि मग वाचत गेले तसं कळलं की या माश्यांचा अख्खा इतिहास म्हणजे तेच आहे, कोणीतरी पंखाकडे बघतंय.

दोन पंखवाले ते वेगळे हे अॅरिस्टॉटलच्या काळापासून माहीत होतं, डिप्टेरा म्हणजे दोन पंखांचे. स्वीडनच्या कार्ल लिनियसनी १७५८ मध्ये सगळ्या प्राण्यांना दुहेरी नावं दिली तेव्हा आपल्या या पट्टेवाल्या बाया मात्र मस्का नावाच्या एकाच पोत्यात गेल्या, घरमाशीबरोबर. (हो, मस्का. बनमस्क्याशी संबंध नाही, लॅटिनमध्ये माशी म्हणजे मस्का.) त्यांचाच एक विद्यार्थी, योहान फॅब्रिशियस, डेन्मार्कचा. गुरू पंख बघतात ना, मग हा तोंड बघणार! कीटक काय आणि कसं खातो ते त्याच्या तोंडाच्या भागांवरून कळतं, मग वर्गीकरणही त्यावरूनच, असा त्यांचा हट्ट. त्यांनी आयुष्यात जवळपास दहा हजार कीटकांना नावं दिली. १७७५ च्या पुस्तकात त्यांनी मस्काच्या पोत्यातून काही माश्या बाहेर काढून सिरफस असं नवीन नाव ठेवलं, आपलं सिरफिड आलं ते तिथून. आणि रुईवरची ही अळी जिची आहे ती माशी, इस्किओडॉन स्कुटेलॅरिस, तिचं स्कुटेलॅरिस हे नावही त्यांचंच, १८०५ चं. ते स्वतः भारतात कधी आले नाहीत. पण तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला तेव्हा डेन्मार्कची वसाहत होती, तिथून किडे टाचण्या टोचून जहाजाने युरोपात जायचे.

१७७५ चं हे पुस्तक लक्षात ठेवा, त्यात अजून एक किडा आहे.

(दृश्य : काळा पडदा. फक्त आवाज.)

फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा धुमाकूळ, १७९३-९४ चा काळ. पिएर लात्रेय नावाचा एक पाद्री, सरकारने सांगितलेली शपथ घेतली नाही म्हणून बोर्दोच्या तुरुंगात. कैद्यांना तपासायला डॉक्टर आला तर हा माणूस खाली बसून जमिनीवरचा एक किडा निरखतोय. डॉक्टरने विचारलं काय आहे, हा म्हणाला फार दुर्मीळ आहे. डॉक्टरने तो किडा उचलून नेऊन दिला एका पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला, बोरी द सँ-व्हँसाँ त्याचं नाव, त्याला निसर्गाचा नाद होता, लात्रेयचं काम माहीत होतं आणि घरच्यांची वर ओळख होती. ओळख लागली, लात्रेय सुटले. बाकीचे कैदी महिन्याभरात मेले असं नोंदलंय. तो किडा म्हणजे नेक्रोबिया रुफिकोलिस हा भुंगेरा आणि त्याचं वर्णन पहिल्यांदा केलं होतं फॅब्रिशियसनी, त्याच १७७५ च्या पुस्तकात, ज्यात सिरफस आहे! सुटलेल्या त्या लात्रेयनी १८०२ मध्ये या सगळ्या माश्यांचं मिळून एक कुळ केलं, सिरफिडी. म्हणजे एका पुस्तकातल्या किड्याने जीव वाचवला आणि त्याच पुस्तकातल्या माशीचं कुळ त्या माणसाने उभं केलं. हे वाचलं तेव्हा मी घाटकोपरला उतरायचं विसरले.

आणि आता माझे आवडते, योहान विल्हेल्म मायगेन, जर्मन, १७६४ चा जन्म. शाळेत फ्रेंच शिकवायचे आणि पैशांची कायम ओढाताण. बाकी लोक फुलपाखरं, भुंगेरे असं देखणं काहीतरी धरायचे, यांनी धरल्या माश्या. यांचा सगळा भर पंखांवरच्या शिरांवर. माशीचा पंख उजेडात धरला की काचेच्या खिडकीसारखे कप्पे दिसतात, कुठली शीर कुठे वळते, कुठे दुसरीला मिळते, यावरून घराणं ओळखायचं. लोकलचा मॅप बघून ही सेंट्रल, ही हार्बर असं आपण सांगतो ना, तेच. १८१८ ते १८३८, वीस वर्षं, सात खंड, युरोपातल्या माश्यांचे, आणि चित्रंही स्वतः काढलेली. म्हातारपणी संग्रह पॅरिसच्या म्युझियमला विकला. बॉन विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली तीही १८४५ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी ते गेले त्याच वर्षी. आपल्याकडेही हे असंच चालतं, त्यामुळे नवल नाही वाटलं.

त्यांचाच एक किस्सा. १८०० मध्ये मायगेननी माश्यांच्या नावांची एक छोटी पुस्तिका काढली, ती कोणी वाचली नाही, १८०३ मध्ये त्यांनी स्वतःच वेगळी नावं वापरून नवीन लेख लिहिला आणि तीच नावं जगभर रूढ झाली. मग १९०८ मध्ये हेंडेल नावाच्या ऑस्ट्रियन तज्ज्ञांनी ती जुनी पुस्तिका उकरून काढली. नियम असा की आधीचं नाव ते खरं. झालं, शंभर वर्षांची नावं बदलायची वेळ, काही जण जुनी वापरतायत काही नवी, पन्नासेक वर्षं हा गोंधळ. शेवटी १९६३ मध्ये प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने ती पुस्तिकाच बाद ठरवली. माश्यांच्या शास्त्राचा बाप म्हणायचं आणि बापाचंच पुस्तक बाद!

(दृश्य : पंखाचा क्लोजअप, उजेड मागून.)

बरं, पंखावर या कुळाची एक सही असते, ती दाखवते. या दोन खऱ्या शिरा. आणि त्यांच्या मधे ही अंधुक रेघ. ही शीर नाही, शिरेसारखी जाड झालेली घडी आहे, म्हणून तिला खोटी शीर म्हणतात. कुठून निघत नाही, कुठे पोचत नाही, आपल्याकडचे काही स्कायवॉक असतात तशी. पण ती दिसली की बहुतेक वेळा समजायचं, सिरफिड.

भारतातल्या सिरफिडांचं मोठं पुस्तक यायला १९२३ साल उजाडलं. ते लिहिलं एन्रिको ब्रुनेटी यांनी, जन्म लंडनचा, धंद्याने संगीतकार, मुक्काम कलकत्ता. तिकडच्या इंडियन म्युझियममध्ये बसून हा माणूस माश्यांच्या शिरा बघायचा. आपल्या मुंबईत बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, १८८३ पासून आहे, काळा घोड्याजवळचं हॉर्नबिल हाउस, पण तिथे जाणारे बहुतेक जण पक्षी बघणारे, आणि मीही तशीच, माश्यांचं विचारायला लाजच वाटते.

आता नाल्याकडे. नाक धरा. आमच्या बिल्डिंगच्या मागे जे पाणी साचतं त्यात या अळ्या, शेपटीवाल्या. शेपटी नाही खरं तर, श्वास घ्यायची नळी आहे, दुर्बिणीसारखी लांब-आखूड होते, अळी खाली गाळात आणि नळीचं टोक वर हवेत. उंदराच्या शेपटीची अळी म्हणतात. यातून निघणारी माशी मात्र गांधीलीसारखी नाही, मधमाशीसारखी दिसते. इतकी, की युरोपात शेकडो वर्षं लोक मानायचे मेलेल्या बैलाच्या अंगातून मधमाश्या जन्मतात, रोमन कवी व्हर्जिलने तर कृती लिहून ठेवलीय. त्या मधमाश्या नव्हेत, कुजक्या पाण्यात वाढणारी एरिस्टॅलिस माशी आहे ती, हे १८९४ मध्ये ओस्टेन-साकेन यांनी पुस्तक लिहून मांडलं. हे गृहस्थ रशियाचे वाणिज्यदूत म्हणून न्यूयॉर्कला होते, माश्या हा नाद. लिनियसनी या माशीला १७५८ मध्येच नाव दिलं होतं, पण बैलाची गोष्ट सुटायला अजून १३६ वर्षं लागली.

आणि चुकायचं म्हटलं तर मोठे मोठे चुकलेत. मायक्रोडॉन म्हणून एक सिरफिड आहे, तिची अळी मुंग्यांच्या वारुळात राहते, अर्ध्या वाटाण्यासारखी घुमटाकार, पोटाने सरपटते. १८२५ मध्ये स्पिक्स या जर्मन तज्ज्ञांनी तिला नवीन जातीची गोगलगाय म्हणून जाहीर केलं. माशीला मायगेननी १८०३ मध्येच नाव दिलेलं होतं, पण आई कोण आणि पोर कोण हे कोणी जुळवूनच बघितलं नव्हतं.

(दृश्य : परत रुई. शेंडे काळे पडलेले.)

गेल्या महिन्यात कोणीतरी भिंतीच्या कडेने औषध मारून गेलं. डासांसाठी असेल. मावा गेला आणि अळ्याही गेल्या, शेंड्यावर नुसती टरफलं. पण खालच्या एका पानाच्या मागे एक कोष राहिला होता, पाण्याच्या थेंबासारखा, पानाला चिकटलेला. पान तोडून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घातलं, झाकणाला भोकं पाडली आणि तुळशीपाशी ठेवलं. रोज ऑफिसातून आल्यावर बघायचं. आईला सांगून ठेवलं होतं, दिसली तर घाबरू नकोस, चावत नाही, पंख मोज.

आठव्या दिवशी आईचा फोन, मी अजून ट्रेनमध्ये. "तुझं बाळ आलं बाहेर," म्हणाली. "काळं आहे. बारीक. पाय तांबडे. पट्टे नाहीत."

मी म्हटलं असं कसं.

"आणि पंख मोजले मी. चार आहेत."

ती होती डिप्लॅझॉन लेटॅटोरियस. सिरफिडच्या अंड्यात नाहीतर लहान अळीत आपलं अंडं घालते, तिचं पिल्लू आतून अळी खात राहतं आणि कोषातून माशीच्या जागी तेच बाहेर येतं. गांधीलीच्याच नात्यातली. लेटॅटोरियस हे नाव दिलंय फॅब्रिशियसनी, १७८१ मध्ये.

घरी पोचले तर आई डबा घेऊन दारातच उभी. "म्हटलं नव्हतं मी, गांधील आहे?"