आधी पाणी ऐका

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडच्या गावांची नावं जरा मोठ्यानं म्हणून पाहा. पिटेझरी. उमरझरी. मंगेझरी. आणि आत, जंगलाच्या पोटात, नागझिरा. सगळ्या नावांत झरा नाहीतर झिरा. उमरझरीच्या नावात तर मला उंबरही ऐकू येतो. विहीर खणणारे आजही उंबर दिसला की खाली पाणी आहे असं धरूनच चालतात.

आता झिरा म्हणजे काय, हे शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. उन्हाळ्यात नदी आटली की आमची बायामाणसं कोरड्या वाळूत हातानं खड्डा उकरतात. थोडा वेळ थांबलं की त्यात पाणी गोळा होतं. तो झिरा. घाई करणाऱ्याला त्यात चिखलच मिळतो.

नागझिऱ्याच्या तलावाला अशाच झिरपत येणाऱ्या बारमाही झऱ्याचा आधार आहे. दाट जंगलात पाऊस पडला की पाणी लगेच धावत सुटत नाही. पाचोळा त्याला अडवतो, मुळांच्या वाटेनं ते खाली उतरतं, खडकाच्या भेगांत मुरतं आणि कठीण थर आडवा आला की उताराला कुठेतरी बाहेर डोकावतं. म्हणजे वैशाखात सांबर जे पाणी पितं, ते मागच्या श्रावणातलं असू शकतं. झाडं गेली की झरा जातो, तो एवढ्यासाठीच.

नागझिरा अभयारण्य १९७० सालचं. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, राज्यातला पाचवा. आणि तेव्हापासून जो तो एकच विचारतो, ‘वाघ दिसला का?’

मी तरी वेगळा कुठे होतो? निवृत्तीनंतर पहिल्यांदा गेलो ते मे महिन्यात. चितळाचा इशारा आला की पळव जिप्सी तिकडे, वानर खेकसलं की वळव इकडे. दोन तास धूळ खाल्ली आणि पाहिलं काय, तर मुंगसाचं शेपूट. शेवटी आमचा गाइड, जवळच्याच गावचा पोरगा, म्हणाला, ‘गुरुजी, गाडी बंद करू द्या. पह्यले पानी आयका, मंग जनावर पाहा.’

गाडी एका नाल्याकाठी थांबली. सुरुवातीला नुसता पाचोळा वाजत होता. मग दगडाखालून बारीक खळखळ ऐकू आली, एवढी बारीक की इंजिन चालू असतं तर कळलीच नसती. खंड्या फांदीवरून सुटला आणि मासोळी घेऊन परतला. धोबी शेपूट हलवत काठानं फिरत होता. तुरेवाला सर्पगरुड वठलेल्या झाडावर बसून होता, आमच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. आणि मग रानकुत्री आली. एक, दोन, करत नऊ. तांबूस अंग, काळं झुपकेदार शेपूट. पाणी तर प्यालीच, पण चार-पाच जणं सरळ पाण्यात बसली, उन्हाळ्यात म्हशी बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, बसतात तशी! त्यांच्या धाकानं मोठमोठे कळप उधळतात, हे तोवर मी वर्गात शिकवलं होतं. ती अशी गारव्याला बसलेली पाहिल्यावर मात्र हसू आवरेना.

जायचं असेल तर एप्रिल-मे बरा. ऊन असतं, पण बाकीचे पाणवठे आटतात आणि सगळं रान झऱ्याकाठी येतं. मोह गळतो, टेंभरं म्हणजे तेंदूची फळं पिकतात, त्यामुळे अस्वलाचीही गाठ पडू शकते. पावसाळ्यात जंगल बंद असतं. कपडे मातकट रंगाचे घाला. मी पांढरा सदरा घालून गेलो होतो, लग्नाला निघाल्यासारखा. पाणी पाहून उतरावंसं वाटेल, पाय बुडवावेसे वाटतील. उतरू नका. ते पाणी आपल्या वाट्याचं नाही.

घरी आलो तर शेजाऱ्यानं फाटकातच अडवलं, ‘दिसला का?’ म्हटलं, नाही. पण निघताना गाइडनं गाडीतूनच बोट दाखवलं होतं. काठच्या ओल्या मातीत भला थोरला पंजा उमटला होता. कडा अजून ढासळल्या नव्हत्या, आणि तळाशी थेंब थेंब पाणी वर येत होतं. त्या पावलाचाच झिरा झाला होता.

नमस्कार.