विद्यार्थ्यांचा जबाब

(मुंबईतील विधी शिक्षक आणि वकिलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मी सत्र न्यायालयात फौजदारी वकिली करते आणि आठवड्यातून दोन दिवस, सकाळच्या वर्गात, खटला कसा चालवायचा ते शिकवते. गेलं सत्र संपताना मी मुलांना कोरे कागद वाटले. नाव घालू नका म्हटलं, पण पुढच्या तुकडीसाठी काय बदलायला हवं ते लिहा. मला वाटलं, गुणांबद्दल तक्रारी येतील. पहिल्याच कागदावर होतं: ‘मॅडम, माझी उलटतपासणी चुकली हे मला गुण लागले तेव्हा कळलं. कुठे चुकली ते अजून कळलेलं नाही.’

त्या रात्री पुढचे कागद माझ्याच्यानं वाचवले नाहीत. ते मूल खरं लिहीत होतं. तुकडीत ६० मुलं असतात. प्रत्येकाला १० मिनिटं म्हटलं तरी १० तास लागतात. म्हणून आपण सत्राच्या शेवटी एकदाच अभिरूप, म्हणजे सरावाचा, खटला लावतो आणि न्यायाधीशाच्या खुर्चीतून सांगतो, ‘छान, आत्मविश्वास वाढवा.’ तो वाढवायचा म्हणजे उद्या सकाळी उठून त्या मुलानं नेमकं काय करायचं?

आमच्या सरावाच्या खटल्यात लालबागचा एक साक्षीदार आहे. पोलिसांपुढच्या जबाबात तो म्हणतो, अंधारामुळे मारणाऱ्याचा चेहरा दिसला नाही. कोर्टात म्हणतो, चेहरा स्पष्ट दिसला. एक मुलगी उभी राहिली आणि तिनं थेट विचारलं, ‘तुम्ही खोटं बोलताय ना?’ साक्षीदार म्हणाला, ‘नाही.’ ती खाली बसली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १४८, म्हणजे जुनं १४५, साक्षीदाराला त्याच्या आधीच्या लेखी जबाबावरून प्रश्न विचारण्याचं, तिला पाठ होतं. पण आधी साक्षीदाराला कोर्टातल्या विधानावर पक्कं करायचं, मग जबाबातला नेमका तेवढाच भाग त्याच्यापुढे ठेवायचा, त्यानं नाकारलं तर त्या भागावर ‘पोर्शन मार्क अ’ अशी खूण करून घ्यायची, आणि जबाब लिहिणारा तपास अधिकारी पिंजऱ्यात आला की त्याच्याकडून तो भाग शाबीत करून घ्यायचा, हे तिनं कधी हातानं केलंच नव्हतं. अधिकाऱ्याला विचारायचं राहिलं की ते कॉन्ट्रॅडिक्शन, म्हणजे दोन विधानांतली विसंगती, शाबीतच होत नाही, आणि युक्तिवादात त्यावर बोट ठेवता येत नाही. आरोपी आत असतो, त्यामुळे ही चूक त्याला भोवते.

ऑस्ट्रेलियातले न्यायमूर्ती जॉर्ज हँपेल यांच्या नावानं ओळखली जाणारी एक पद्धत इंग्लंडमध्ये वकिलांना शिकवताना वापरतात. एका वेळी एकच चूक धरायची. तिला नाव द्यायचं, विद्यार्थ्यानं विचारलेला प्रश्न त्याला शब्दशः वाचून दाखवायचा, तो का फसला आणि कसा सुधारायचा ते सांगायचं, स्वतः करून दाखवायचं, आणि लगेच त्याच्याकडून पुन्हा करून घ्यायचं. यातलं शब्दशः वाचून दाखवणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्यासाठी शिक्षकाला मान खाली घालून लिहून घ्यावं लागतं, आणि मुलाला आपलंच वाक्य परक्यासारखं ऐकू येतं.

दुसरा एक कागद असा: ‘मी मराठी माध्यमातला. वर्गात साक्षीदार झालेले मित्र इंग्रजीत घोटीव उत्तरं देतात. किल्ला कोर्टात मी एका भाजीवाल्या मावशींची साक्ष ऐकली. त्या तसं बोलत नव्हत्या.’ बरोबर आहे त्याचं. आणि नुसती भाषा बदलून भागत नाही. सत्र खटल्यात साक्ष सहसा प्रश्नोत्तरांत लिहिली जात नाही, निवेदनाच्या रूपात लिहिली जाते. फौजदारी खटले कसे चालवायचे ते ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३११ तेच सांगतं. न्यायाधीश प्रश्न आणि उत्तर मिळून एकच वाक्य उतरवून घेतात: ‘हे म्हणणे खरे नाही की, त्या वेळी अंधार होता.’ तुमचा आवाज, साक्षीदाराचं अडखळणं, यातलं सहसा काही कागदावर येत नाही. एका प्रश्नात तीन गोष्टी कोंबल्या असतील, तर ‘खरे नाही’ हे कोणत्या गोष्टीला म्हटलं, हे अपिलात कोणालाही उमगत नाही. म्हणून आता प्रत्येक गटात एक मूल नुसती साक्ष उतरवून घेणार. पुढच्या आठवड्यात युक्तिवाद करायचा तो फक्त त्या कागदावरून.

बार कौन्सिलच्या अभ्यासक्रमात एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला कोर्टात बसून पाहण्यासाठी ३० गुण आहेत. मुलं लिहितात, तीनदा गेलो, तीनदा तारीख पडली, शेवटी मित्राच्या डायरीतल्या खटल्याच्या नोंदी उतरवल्या. मी त्यांना दोष देत नाही. कल्याण-विरारहून येणाऱ्या मुलाला आधी कागदपत्रं वाचायला देऊन एकच साक्ष नीट पाहायला लावली, तरी पुष्कळ.

पुढच्या सत्रात सहा-सहांचे १० गट करणार आहे. प्रत्येकाची १० मिनिटं उलटतपासणी, मग पुढच्या १० मिनिटांतच सुधारणा आणि पुन्हा तीच उलटतपासणी. दोन तासांत सगळी ६० मुलं दोनदा उभी राहतात. पण त्यासाठी १० वकील हवेत. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी असते. त्यातल्या एका शनिवारी तुम्ही यावं, ही माझी कळकळीची विनंती आहे. येताना वही-पेन आणा, मुलांचे प्रश्न शब्दशः लिहून घ्यायचे आहेत.