वरून भुसभुशीत, खाली घट्ट

[दृश्य: परभणी जिल्ह्यातलं सोयाबीनचं रान. झड थांबून उघडीप पडलेली.]

दोन दिवस झाले उघडीप देऊन, तरी पिकाच्या ओळींमधलं पाणी हटत नाही. सोयाबीन पिवळं पडलंय. पहिला संशय खतावर जातो, युरियाची गोणी येते, फवारणी होते. पीक तसंच.

[दृश्य: मातीत सळई खुपसणारे हात.]

ही सळई बघा. वीतभर अलगद आत गेली आणि अडली. चार पावलं पुढे खुपसा, साधारण तेवढ्यावरच अडते. रोटाव्हेटरची, म्हणजे माती भुसभुशीत करणाऱ्या ट्रॅक्टरच्या अवजाराची, पाती वर्षानुवर्षं एकाच खोलीवर फिरली की त्यांच्याखाली असा थर बसतो.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, त्यातून थोडीफार स्वतःच मोकळी होते. म्हणूनच ‘काळीला काय होतंय’ ही समजूत. पण वाफशाआधी, म्हणजे माती मशागतीजोगी सुकण्याआधी, ट्रॅक्टर घातला, की ओल्या मातीतली मोठी छिद्रं चाकाखाली मिटतात. पाणी मुरायची आणि हवा खेळायची वाट तीच. चिकणमातीची घनता घनसेंटिमीटरला १.५ ग्रॅमच्या आसपास गेली, तर मुळांना पुढे सरकणं अवघड.

[दृश्य: उपटलेलं सोयाबीनचं रोप, जवळून.]

मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी असेल तर नत्र धरण्याचं काम चालू आहे. इथे करडी निघाली, हवेअभावी काम थांबलंय. शेजारच्या तुरीचं सोटमूळ वीतभर खाली जाऊन आडवं वळलंय. ऑगस्टात पावसाचा खंड पडला, की आज तुंबलेलं हेच रान आधी सुकणार.

उपाय म्हणून सबसॉयलर, म्हणजे खालचा घट्ट थर फोडणारा खोल नांगर आहे, पण तो उन्हाळ्यात, कोरड्या जमिनीतच. ओलीत मारला तर नुसती चीर पडते, थर फुटत नाही. बहुतेक दाब चाकाच्या पहिल्याच फेरीत बसतो, त्यामुळे ट्रॉलीची वाट ठरलेली बरी. परभणीचं कृषी विद्यापीठ सोयाबीनला रुंद वरंबा सरी सुचवतं, म्हणजे रुंद उंचवट्यावर पीक आणि दोन्ही बाजूंना चर. तिचा हाही फायदा, की चाकं सरीतून जातात आणि वरंबा मोकळा राहतो.

खरी अडचण वेगळीच. ट्रॅक्टर भाड्याचा. नंबर आज लागला तर आज, चुकला तर आठवडा गेला. रान ओलं दिसत असूनही शेतकरी ‘चालू दे’ म्हणतो, आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा?

[दृश्य: मूठभर मातीचा गोळा बांधावर टाकला जातो.]

गोळा फुटला, तर वाफसा आला. हा नुसता चपटा झाला. ट्रॅक्टरवाल्याला फोन लागलाय, परवाचा नंबर मागताहेत.