बांबूचं धनुष्य, बारदानाचं लक्ष्य

(दृश्य: सकाळ. मैदानाच्या टोकाला रांगेत उभ्या गोण्या.)

सकाळचे साडेसहा. हडपसरच्या बाजूला, एका शाळेच्या मागचं मैदान. भिंतीलगत उभ्या असलेल्या या गोण्या नीट बघा. बारदान गुलटेकडीच्या मार्केट यार्डातलं, जुनं. आत ठासून भरलेत फाटक्या साड्या, चिंध्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या. ज्या चौकटीला गोणी बांधली आहे, तिचा बांबू बुरुड आळीतून आणलेला. वरून कागदी टार्गेट फेस लावला की लक्ष्य तयार. मधोमध पिवळा, मग लाल, निळा, काळा आणि सगळ्यात बाहेर पांढरा. ऑलिंपिकमध्ये असतात तेच रंग, त्याच क्रमाने.

पुण्यात मुलाला तिरंदाजी शिकवायची म्हटलं की पालक आधी इंटरनेटवर किंमत बघतात. स्पर्धेच्या दर्जाचा रिकर्व्ह, म्हणजे ऑलिंपिकमध्ये वापरतात त्या धनुष्याचा पूर्ण संच लाखांत जातो. तो आकडा बघूनच कितीतरी घरांत विषय मिटतो. आणि थोडी मोठी मुलं भलतीकडेच वळतात. मोबाईलवर क्रॉसबोचे, म्हणजे खटक्याच्या धनुष्याचे व्हिडिओ बघून विचारतात, "सर, स्वस्तातला क्रॉसबो कितीला पडेल? शिकारीला चालेल का?"

सर शांतपणे उत्तर देतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. सशावर बाण टाकला तरी गुन्हा होतो. परदेशात जिथे परवानगी आहे, तिथेही बहुधा परवाना लागतो आणि ठरलेला हंगाम असतो. राहिला क्रॉसबो. त्याची दोरी एकदा मागे ओढून अडकवली की पुढे ती खटका धरून ठेवतो, माणूस नुसता दाबतो. तिरंदाजी म्हणजे ती ओढ आपल्या पाठीने पेलणं. ज्याला हे शिकायचंय, त्याने पैसे क्रॉसबोवर कशाला घालवायचे?

(दृश्य: धनुष्याला दोरी चढवणारे हात. क्लोजअप.)

हे इंडियन राउंडचं, म्हणजे साध्या देशी धनुष्याने खेळायच्या तिरंदाजीचं धनुष्य. मधली मूठ लाकडाची, दोन्ही बाजूंच्या पात्या बांबूच्या. काही हजारांत येतं. यावर ना नेम धरायला साइट, ना धनुष्य स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर. डोळा, हात आणि सराव, एवढंच भांडवल. स्पर्धेत अंतरं असतात 30 आणि 50 मीटर.

दोरी चढवायची पद्धत बघा. धनुष्याचं खालचं टोक पायाच्या घोट्याला अडकवलं, दुसऱ्या पायाची मांडी धनुष्य आणि दोरीच्या मधून घातली आणि वरची पाती हलक्या हाताने वाकवत दोरीचा फास खाचेत सरकवला. घाईत पाती पिरगळली तर बांबू आतून तडकतो आणि ते लगेच दिसतही नाही. सराव संपला की दोरी उतरवायचीच, नाहीतर बांबू वाकलेला राहतो आणि त्याचा जोर जातो. पुण्याच्या पावसाळ्यात तर धनुष्य जमिनीवर, ओलीला ठेवायचंच नाही. आणि बाण न लावता दोरी ओढून कधीही सोडायची नाही. बाणात जायला हवा होता तो सगळा जोर धनुष्यातच राहतो आणि पाती फुटते. नवीन मुलांची धनुष्यं मोडतात, ती बहुतेक अशीच.

आता बाण. या ताई बाण उचलतात, दोन बोटांच्या नखांवर आडवा ठेवतात आणि फिरवतात. सरळ बाण सरसर फिरतो. वाकडा असला तर नखावर टिकटिक लागते, कानालाही कळते. मग बांबूची ती जागा निखाऱ्यावर जराशी शेकायची, अंगठ्याने दाबून सरळ करायची, गार होईपर्यंत धरून ठेवायची, पुन्हा नखावर फिरवून बघायची. एका बाणाला ताई जेवढा वेळ देतात, तेवढ्या वेळात बाजारातून नवा बाण आणता येईल. पण हातातला बाण ज्याला असा कळला, त्याला तो कुठे जाईल हेही हळूहळू कळायला लागतं.

बाणाची लांबी अंदाजाने घ्यायची नाही. दोन्ही हात फैलावून मधल्या बोटांच्या टोकांमधलं अंतर मोजा, त्याला अडीचने भागा. दीडशे सेंटिमीटर आलं, तर ओढ, म्हणजे दोरी मागे खेचायचं अंतर, साठ सेंटिमीटर, साधारण चोवीस इंच. नवशिक्याचा बाण त्याहून दोनेक इंच लांब हवा. आखूड बाण ओढताना मुठीच्या आत घसरतो आणि सुटला की थेट हातात घुसतो. इथे काटकसर नको. बोटांना चामड्याचा टॅब आणि मनगटाच्या वर आर्म गार्ड, यांच्यातही नको.

(दृश्य: नवी मुलं, हातात रबराचे पट्टे.)

या मुलांच्या हातात अजून धनुष्य दिलेलं नाही. रबराचा पट्टा ओढायचा, हनुवटीखाली आणायचा, थांबायचं, सोडायचं. सर मागे उभे राहून खांद्यांच्या पाठीमागच्या हाडांवर बोट ठेवतात. ती जवळ येतायत की नाही, हे बघतात. नुसत्या दंडाने ओढणारं मूल दहा बाणांत दमतं. त्यानंतर धनुष्य, पण लक्ष्य अगदी पाच पावलांवर आणि गोणीवर कागद नाही. कागद लावला की मूल गुण मोजायला लागतं आणि हात विसरतं.

शिट्टीची शिस्त मात्र पहिल्याच दिवशी. दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचं. एक झाली की बाण सोडायला सुरुवात. तीन झाल्या की बाण आणायला जायचं, तेही सगळ्यांनी एकदम. पाच किंवा जास्त वाजल्या तर बाण चढवलेला असला तरी उतरवायचा. सोसायटीच्या गच्चीवर सराव करू का, असं विचारणाऱ्या प्रत्येक घराला इथे एकच उत्तर मिळतं, नाही. लक्ष्याच्या मागे भिंत हवी किंवा मोकळं, निर्मनुष्य मैदान.

साध्या मैदानातून काय उभं राहतं, ते शेजारच्या सातारा जिल्ह्यात दिसतं. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव, मजुरी करणाऱ्या आई-वडिलांचा मुलगा, क्रीडा प्रबोधिनीतून पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये आला आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळला. साताऱ्याची अदिती स्वामी उसाच्या शेतात तयार केलेल्या मैदानावर घडली आणि 2023 साली बर्लिनमध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, कंपाउंड प्रकारात, म्हणजे पुली लावलेल्या धनुष्याच्या तिरंदाजीत, जगज्जेती झाली. त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळेही जगज्जेता झाला.

इंडियन राउंड ऑलिंपिकमध्ये नाही, त्यामुळे पुढे जायचं तर कधीतरी महागड्या धनुष्याकडे वळावंच लागतं, आणि पैशाअभावी कितीतरी मुलं तिथेच थांबतात.

(दृश्य: चार मुलं, एक धनुष्य, आळीपाळीने.)

म्हणूनच या मैदानावर धनुष्य मुलांच्या मालकीचं नाही, मैदानाचं आहे. चार मुलांत एक धनुष्य, टॅब आणि बाण मात्र ज्याचे त्याचे, कारण बोटं आणि हातांची लांबी प्रत्येकाची वेगळी. पालकांना सर सांगतात, पहिले काही महिने काहीही विकत घेऊ नका. मूल टिकलं, त्याची ओढ ठरली, मगच धनुष्य घ्या, आणि तेही कमी पाउंडाचं, म्हणजे ओढायला हलकं. जड धनुष्य घेतलं म्हणून बाण सरळ जात नाही, खांदा मात्र दुखतो.

शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये इंडियन राउंडचा स्वतंत्र प्रकार असतो. नोंदणी शाळेमार्फतच करायची असते. तुमच्या शाळेत तिरंदाजी नसेल, तर क्रीडा शिक्षकांना आधी भेटा आणि शाळेचं नाव देण्याची विनंती करा. मुदतीची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात होते.