ग्योडेल यांनी छापायला न दिलेले तीन खंड

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते तर्कशास्त्रज्ञ कुर्ट ग्योडेल यांच्या समग्र लेखनाबद्दल. ऑक्सफर्डनं १९८६ ते २००३ या काळात ते पाच खंडांत काढलं. प्रमुख संपादक होते सॉलोमन फेफरमन. यातली गंमत अशी, की ग्योडेल यांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं सगळं पहिल्या दोन खंडांतच आटोपतं. उरलेल्या तीन खंडांत आहे ते कपाटात राहिलेलं लेखन आणि पत्रं.

त्यांचं नाव झालं ते १९३१ सालच्या, पंचविसेक पानांच्या एका निबंधानं. अंकगणित मांडता येईल अशी कोणतीही नियमव्यवस्था घ्या. तिच्यात विसंगती नसेल आणि तिच्यातल्या सिद्धता यांत्रिकपणे तपासता येत असतील, तर काही विधानं अशी उरतातच, की ती त्या नियमांनी सिद्धही होत नाहीत आणि खोटीही ठरत नाहीत. तेव्हा ग्योडेल पंचवीस वर्षांचे होते.

एवढं धाडस करणारा हा माणूस छापायच्या बाबतीत मात्र कमालीचा भित्रा. भित्रा म्हणावं की चोखंदळ, ते तुम्हीच ठरवा. तत्त्वज्ञ कार्नाप यांच्यावरच्या एका ग्रंथासाठी त्यांच्याकडे लेख मागितला होता. त्यांनी त्याचे एकामागून एक सहा खर्डे केले, आणि शेवटी लेख दिलाच नाही! त्यातले दोन खर्डे तिसऱ्या खंडात आहेत. १९५१ साली अमेरिकन गणितज्ञांपुढे दिलेलं त्यांचं मोठं व्याख्यानही असंच पडून राहिलं होतं.

१९७८ साली प्रिन्स्टनमध्ये ते वारले. त्यांच्या कागदपत्रांची सूची जॉन डॉसन यांनी केली. पण पुष्कळसा मजकूर गाबेल्सबर्गर नावाच्या जुन्या जर्मन लघुलिपीत होता, आणि ती वाचणारं माणूस सहजी कुठून मिळणार? डॉसन यांच्या पत्नी शेरिल यांनी ती लिपी शिकून घेतली. माझ्या मते या खंडांचं निम्मं श्रेय त्यांचं.

पाचव्या खंडात तरुण फ्रेंच तर्कशास्त्रज्ञ एरब्रां यांच्याशी झालेला पत्रव्यवहार आहे. त्यांच्या पत्राला ग्योडेल यांनी २५ जुलै १९३१ रोजी उत्तर लिहिलं. एरब्रां २७ तारखेला आल्प्समध्ये पडून मरण पावले.

त्याच खंडात मार्च १९५६चं एक पत्र आहे, गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांना लिहिलेलं. १९३० साली क्योनिग्सबर्गच्या सभेत ग्योडेल यांच्या बोलण्याचं मर्म ज्यांनी लगेच ओळखलं, ते हेच नॉयमन. आता ते कर्करोगानं आजारी होते. ग्योडेल आधी तब्येतीची विचारपूस करतात आणि मग थेट गणितावर येतात. एखाद्या सूत्राची अमुक लांबीची सिद्धता आहे की नाही, हे ठरवायला यंत्राला किती पायऱ्या लागतील? लांबीच्या प्रमाणात, फार तर तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणाऱ्या पायऱ्या पुरल्या, तर हो-नाहीच्या प्रश्नांपुरतं गणितज्ञाचं डोकं यंत्रावर सोपवता येईल, असं ते लिहितात. संगणकशास्त्रात हा प्रश्न रीतसर मांडला गेला तो १९७१ साली, आणि आज त्याच्यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस आहे. नॉयमन पुढच्याच फेब्रुवारीत गेले. ग्योडेल यांनी त्या प्रश्नावर कधीच काही छापलं नाही.

ग्रंथालयात हे खंड दिसले तर पाचव्यापासून सुरुवात करा. पहिल्याला तर्कशास्त्राची चिन्हं ओळखीची लागतात. पत्रांना तितकी लागत नाहीत. शिवाय जर्मन मजकुराशेजारी समोरच्या पानावर इंग्रजी आहेच.