कडेची भोके

सिनेमाच्या फितीच्या कडेची भोके जरा निरखून पाहावीत. ॲनिमेशनचा इतिहास सांगताना चित्रकारांची नावे आवर्जून घेतली जातात. परंतु एकामागून एक येणारे प्रत्येक चित्र आधीच्या चित्राच्या नेमक्या जागी बसले नाही, तर कितीही कसबी हाताने काढलेले पात्र चालत नाही, नुसते थरथरत राहते. चित्र जागेवर बसवण्याचे काम ही भोके करतात.

१८९२ मध्ये कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली. काचपट्ट्यांवर बारकाईने रंगवलेली चित्रे दिव्याच्या झोतात झरझर बदलली, की पुराणातली पात्रे पडद्यावर हालचाल करू लागत. सारी भिस्त खेळ करणाऱ्याच्या हातावर होती. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला पॅरिसच्या ग्रेव्हँ संग्रहालयात एमिल रेनो यांनी हाताने रंगवलेल्या चित्रांच्या लांबलचक पट्ट्या पडद्यावर दाखवल्या. त्या पट्ट्यांना भोके होती.

१९१२ मध्ये दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. त्यांनी भोके पाडण्याचे यंत्रही आणले होते, कारण कोरी फिल्म बिनभोकांची मिळे. उजेड लागला की फिल्म वाया जाणार, म्हणून सरस्वतीबाई फाळके हे काम अंधारात करत असत. त्यांच्या या कामाचा उल्लेख नेहमी ओझरता होतो, याची खंत वाटते. कारण एक भोक जरी चुकले असते, तरी पुढचे चित्र पडद्यावर हिसका देऊनच आले असते.

कॅमेरा हाती आल्यावर फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ त्याची वाढ टिपून ‘अंकुराची वाढ’ हा मिनिटाहून थोडा मोठा लघुपट तयार केला. रोज एकच चौकट, म्हणजे फितीवरचे एकच चित्र, टिपली गेली, असे अनेकदा सांगितले जाते. पण त्या काळी सेकंदाला साधारण १६ चौकटी धावत, म्हणजे तसे झाले असते तर महिन्याची वाढ दोन सेकंदांत आटोपली असती. मिनिटभराच्या पटाला सुमारे ९६० चौकटी लागतात, तेव्हा दिवसाकाठी सरासरी तीसेक चौकटी तरी टिपल्या गेल्या असणार. कुंडी जराही हलता कामा नये, कॅमेऱ्याला धक्का लागता कामा नये आणि फीत दर वेळी मोजक्या अंतरानेच सरकली पाहिजे, हे सारे महिनाभर सांभाळायचे होते. हा लघुपट पाहून कर्ज देणारे पुढे आले आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. १९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये फाळक्यांनी हेच तंत्र काडेपेटीतल्या काड्यांना लावले. काडी किंचित सरकवायची, हात बाजूला घ्यायचा, चौकट टिपायची आणि पुन्हा काडीला हात घालायचा.

याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये राउल बारे यांनी चित्राच्या कागदालाच भोके पाडून तो टेबलावरच्या खुंट्यांत अडकवण्याची पद्धत रूढ केली, तर अर्ल हर्ड यांनी पारदर्शक सेल्युलॉइड वापरून तीच ती पार्श्वभूमी पुन्हा पुन्हा काढण्याचे कष्ट वाचवले. १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग सुरू झाला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले आणि त्यांच्या हाताखाली राम मोहन यांच्यासारखे कलावंत घडले. खालून उजळलेल्या काचेवर कागद खुंट्यांत बसवायचा, आधीच्या चित्राची रेघ आरपार पाहत पुढची ओढायची आणि मधूनच कागद बोटांत धरून फडफडवत चाल जमली का ते पाहायचे, अशी ही कामाची रीत होती.

संगणकावर घडणाऱ्या चित्राची जागा आता आकड्यांनी ठरते, त्यामुळे त्याला भोकांची गरज उरलेली नाही. मात्र पेन्सिलीने कागदावर चित्रे काढून ती संगणकात घेणारे कलावंत आजही आधी कागदाला भोके पाडतात, आणि त्यांच्या स्कॅनरच्या काचेलगत खुंट्यांची एक पट्टी चिकटवलेली असते.