ह्युएन त्संगच्या गावात

श्रोतेहो, नमस्कार.

एप्रिल महिन्यात आम्ही चोवीसजण चीनमधल्या शिआन शहरात चार दिवस राहून आलो. नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर आणि सांगोला अशा चार ठिकाणची मंडळी होती आणि बहुतेकांचा हा पहिलाच परदेश प्रवास. लोकवस्ती एक कोटीच्या वर, असं हे शहर. शाळेच्या पुस्तकात आपण चांगआन वाचतो ना, तेच हे.

आधी व्यवहाराचं सांगते, म्हणजे मग मोकळेपणानं बोलता येईल. ग्रुपबरोबर असलात तरी दोन गोष्टी स्वतःच्या अंगावर ठेवा, बॅगेत नको. एक पासपोर्ट आणि दुसरं हॉटेलचं कार्ड. तिकिटं पासपोर्टवर निघतात, दारात तो तपासतात, रेल्वेलाही तोच लागतो. आणि हॉटेलच्या कार्डावर पत्ता चिनी लिपीत छापलेला असतो. टॅक्सीवाल्याला तुमचं इंग्रजी कळणार नाही, पण कार्ड पाहिलं की तो थेट दारात आणून सोडेल. पुन्हा सांगते, पासपोर्ट आणि हॉटेलचं कार्ड.

पैसे फोनवरून द्यायचे. त्यासाठी अलीपे नाहीतर वीचॅट हे अॅप फोनवर घरूनच घालून, कार्ड जोडून जा. तिथल्या वायफायवर गूगलचा नकाशा आणि व्हॉट्सअॅप चालत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर इकडे सगळे काळजीत पडतात. उकळतं पाणी मात्र सगळीकडे, स्टेशनावर, हॉटेलात, अगदी धावत्या रेल्वेच्या डब्यातसुद्धा. थर्मास न्या. आणि 1 ऑक्टोबरपासूनच्या त्यांच्या मोठ्या सुट्टीत जाऊ नका. सगळा देश फिरायला बाहेर पडतो.

खाण्याचं म्हणाल, तर चिवडा आणि मेतकूट जरूर न्या, पण दोन दिवसांपुरतं. माझं मत ठाम आहे. इतक्या लांब जायचं आणि खोलीत बसून बाकरवडी खायची, याला काय अर्थ आहे? बटाट्याचे काडीसारखे बारीक काप व्हिनेगर आणि लाल मिरची घालून परततात, ते गरम भाताबरोबर खाऊन पाहा. मांस नको हे चिनी लिपीत लिहून घेतलेली चिठ्ठी पर्समध्ये असू द्या, आणि रश्शाची चौकशी करा, कारण भाजी नुसती असली तरी रस्सा हाडांचा असू शकतो.

आता पाहण्याचं. मातीचे सैनिक, म्हणजे जुन्या सम्राटाच्या कबरीजवळ पुरलेले माणसाएवढे पुतळे, पाहायला सगळेच जातात, आम्हीही गेलो. 1974 साली विहीर खणताना शेतकऱ्यांच्या कुदळीला ते लागले. पहिल्या खंदकाच्या कठड्याशी उभं राहिलं, की रांगांमागून रांगा दिसतात आणि एका चेहऱ्यासारखा दुसरा चेहरा नाही. ज्या सम्राटासाठी हे सगळं केलं, त्याची स्वतःची कबर अजून उघडलेली नाही. तो भाग लिंतोंगचा, डाळिंबांसाठी प्रसिद्ध. आमच्यातले सांगोल्याचे बागायतदार काका सैनिकांपेक्षा बागांकडेच जास्त वेळ पाहत होते, आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही. माणसानं आपल्या कामाच्या डोळ्यांनी जग पाहावं.

शहराचा तट मिंग राजघराण्याच्या काळातला, चौदा किलोमीटरच्या आसपास, आणि वरून सायकल चालवता येईल इतका रुंद. जमलं तर संध्याकाळी जा.

पण मला आज बोलायचंय ते बाईंबद्दल.

बाई म्हणजे आमच्या ग्रुपमधल्या निवृत्त शिक्षिका. अजिंठ्याच्या पायथ्याशी, फर्दापूरच्या बाजूला, जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं इतिहास शिकवला. त्यामुळे नाशिकची मंडळीसुद्धा पहिल्या दिवसापासून त्यांना बाईच म्हणायला लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोठ्या रानहंस पॅगोड्याला गेलो. विटांचा, सात मजली, 64 मीटर उंच. ह्युएन त्संग हा चिनी बौद्ध भिक्षू भारतातून 657 ग्रंथ घेऊन 645 साली परत आला, ते नीट ठेवावेत म्हणून 652 साली तो बांधला. पॅगोड्यापुढे दक्षिणेच्या चौकात ह्युएन त्संगचा उंच पुतळा आहे. त्याचं तोंड दक्षिणेला, हातात काठी.

बाई त्या पुतळ्यापाशी थांबल्या आणि चौथऱ्याला हात लावून त्यांनी नमस्कार केला. म्हणाल्या, "हा माणूस आपल्याकडे आला होता गं. दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात. लिहून ठेवलंय त्यानं, की इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. डोंगरातल्या लेण्यांबद्दल लिहिलंय, दाराशी दगडी हत्ती आहेत म्हणून. सोळाव्या लेण्यापाशी ते हत्ती मी दर वर्षी पोरांना दाखवायचे."

आम्हाला पॅगोड्यासाठी वेळ किती दिला होता? चाळीस मिनिटं. आणि त्यानंतरच्या जेडच्या, म्हणजे शोभेच्या दगडाच्या, दुकानासाठी दीड तास. मला याचा मनापासून राग येतो. आपण पैसे भरतो ते शहर पाहायला. ग्रुपनं निघण्याआधीच एकजुटीनं सांगावं, दुकान एकच, आणि तेही अर्ध्या तासाचं.

तर, बसमध्ये डोकी मोजली. तेवीस! बाई नाहीत. आमची गाईड मुलगी झेंडा घेऊन धावत सुटली आणि मी तिच्यामागे. तेवढ्यात मला आठवलं, कार्ड त्यांच्या पर्समध्ये आहे, सकाळी मीच ठेवलं होतं. जीव थोडा भांड्यात पडला.

चौकाच्या कडेला दहा-पंधरा माणसांचं कोंडाळं दिसलं. मध्ये एक म्हातारे आजोबा. त्यांच्या हातात कमरेएवढ्या दांड्याचा कुंचला, टोकाला स्पंज, शेजारी पाण्याची प्लास्टिकची बाटली. तिथे सकाळच्या वेळी असे लोक फरशीवर पाण्यानं अक्षरं लिहीत बसतात. शाई नाही, रंग नाही, निव्वळ पाणी. आणि त्यांच्यासमोर आमच्या बाई, पदर खोचून.

बाईंनी आधी त्यांना विचारलं होतं, "ह्युएन त्संग?" आजोबांना काही कळेना. मग बाईंनी पुतळ्याकडे बोट केलं. आजोबा हसले आणि म्हणाले, "श्वेन-त्सांग!" बाईंनी दोनदा म्हणून पाहिलं. मग छातीवर हात ठेवला आणि कुंचला मागून घेतला. मी पोहोचले तेव्हा फरशीवर हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं, अजिंठा.

आता आजोबांना ते गिरवायचं होतं. त्यांनी कुंचला बुडवला आणि आधी काढली काय, तर वरची रेघ! सरळ, लांब, एका दमात. चिनी अक्षरांत आडवी रेघ उभीच्या आधी येते ना, हाताला तेच वळण. मग त्या रेघेखाली ते एकेक अक्षर टांगायला लागले. बाई म्हणाल्या, "अहो, थांबा, थांबा. आधी अक्षर. रेघ शेवटी." आणि पहिलीच्या पोराचा धरावा तसा त्यांचा हात धरला, मनगटापाशी. अ काढला. जि काढला, वर अनुस्वार. ठ गोल फिरवून घेतला. काना. मग डावीकडून उजवीकडे शिरोरेघ. आजोबांनी अनुस्वार मात्र इतका सुरेख टेकवला, की बाईंच्या तोंडून निघालं, "शाब्बास!" पण ठा पूर्ण होईतो पहिला अ उन्हानं वाळून गेला होता.

गाईड मुलगी घड्याळ विसरून उभी होती. आजोबांनी मग स्वतःहून दोन अक्षरं लिहिली. तिनं वाचली, "यिन-दू. म्हणजे इंडिया." आणि सांगितलं, की पूर्वी तुमच्या देशाला आमच्याकडे वेगवेगळी नावं होती, हे नाव बरोबर असं श्वेन-त्सांगनं लिहून ठेवलं, आणि आम्ही आजही तेच म्हणतो.

बाईंनी ते ऐकलं आणि काही बोलल्या नाहीत. पदराचं टोक डोळ्यांना लावलं.

तोवर बसमधली सगळी मंडळी आम्हाला शोधत तिथे आली होती. जेडचं दुकान त्या दिवशी राहिलं. ती दोन अक्षरं वाळेपर्यंत आम्ही चोवीसजण गोल करून उभे होतो, आणि मागून येणाऱ्यांना सांगत होतो, जरा बाजूनं जा, अक्षर आहे, पाय लागेल.

नमस्कार.